जुन्या मोटारीचा गोंगाट आणि बेताच्या खर्चातला उतारा

जुनी मोटार बाळगणे ही हौस आहे की व्यसन, याविषयी ज्या घरी अशी मोटार असते त्या घरी कधीच एकमत होत नाही. माळव्यातील मराठी कुटुंबांत ताडपत्रीखाली झाकलेली एखादी फियाट किंवा अँबेसेडर अजूनही आढळते. ती विकावी असे तरुण मंडळींना वाटते आणि ती राहू द्यावी असे वडीलधाऱ्यांना वाटते. विकण्याच्या बाजूने जी कारणे सांगितली जातात त्यांत पेट्रोलचा खर्च, सुटे भाग न मिळणे आणि गाडीतला गोंगाट ही तीन नेहमीची. पहिल्या दोहोंवर पुष्कळ बोलले जाते. तिसऱ्याकडे मात्र ‘जुनी गाडी म्हटली की खडखडायचीच’ असे म्हणून दुर्लक्ष होते. वस्तुतः या तीन तक्रारींपैकी थोडक्या पैशांत बरीचशी दूर करता येण्याजोगी तक्रार तीच आहे.

हा विषय मुद्दाम लिहावयास घेण्याचे कारण घरगुती आहे. स्नेहलतागंजातील आमच्या घरी वडिलांनी १९८५ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. आमच्या मातोश्रींचे वय आता त्र्याऐंशी असून त्या कानाला यंत्र लावतात. घरात त्यांना व्यवस्थित ऐकू येते, परंतु गाडीत बसले की संभाषण संपते. उज्जैनला जाताना त्या खिडकीबाहेर पाहत गप्प बसू लागल्या आणि पुढे पुढे ‘तुम्हीच जाऊन या’ असे म्हणू लागल्या. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वार्धक्यात ऐकण्याची शक्ती जाते ती प्रथम वरच्या पट्टीतल्या ध्वनींची. भाषेचा अध्यापक म्हणून सांगतो, स्वर हे खालच्या पट्टीत असतात, तर स, श, फ, ट, क अशी व्यंजने बव्हंशी वरच्या पट्टीत असतात. त्यातून मोटारीची घरघर खालच्या पट्टीतली, आणि खालच्या पट्टीतल्या मोठ्या आवाजाचा गुणधर्म असा, की तो वरच्या पट्टीतले बारीक आवाज झाकून टाकतो. उरतात ते नुसते स्वर. कानातले यंत्र बोलण्याबरोबर घरघरही मोठी करते, ते निराळेच. वृद्ध माणसाला गाडीत ‘ऐकू येते पण कळत नाही’ असे जे होते ते असे. तेव्हा गाडी विकायची, की तिला बोलण्याजोगी करावयाची, असा प्रश्न आमच्यापुढे होता.

या गाडीची थोडी कुळकथा सांगितली पाहिजे, कारण आवाजाचे मूळ तिच्या घडणीत आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने गाड्या निघू लागल्या. मूळची फियाट ११०० ही १९५३ साली इटलीत आली. तिचेच रूप आपल्याकडे पुढे डिलाइट, प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावांनी वावरले. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर ही गाडी हाती येई, हे पन्नाशी उलटलेल्या वाचकांना आठवत असेल. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती रस्त्यावर सर्वाधिक दिसली आणि वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथून ती निवृत्त झाली.

या गाडीला जुन्या गाड्यांसारखी स्वतंत्र लोखंडी चौकट नाही. पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा. त्यामुळे ती हलकी झाली, पण इंजिनाचे आणि चाकांचे कंपन थेट पत्र्यात उतरते व पत्रा नगाऱ्यासारखा वाजतो. त्यातच गिअर चारच. मोकळ्या रस्त्यावर आजच्या गाड्यांचे इंजिन पाचव्या गिअरमध्ये संथपणे चालते, तर आमच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला त्याच वेगासाठी जीव तोडून धावावे लागते.

श्रीमंतांच्या गाड्यांत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविलेला असे. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (द्वितीय) यांना मोटारींचा मोठा शौक होता. त्यांच्या अमेरिकन ड्यूसेनबर्ग गाडीचे वरचे शरीर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी १९३० च्या दशकात बांधले होते. त्या काळच्या हाताने बांधलेल्या शरीरांत पत्र्यामागे बहुधा लाकडी सांगाडा असे. आत लोकरीचा नमदा, घोड्याचे केस भरलेल्या गाद्या, वर कातडे आणि पायांखाली जाड गालिचे. लाकूड वाजत नाही, लोकर आवाज पिते. त्यांपैकी लोकरीचा गुण आजही स्वस्तात मिळतो. त्याचा उल्लेख पुढे येईलच.

आता आवाज बंद करणे म्हणजे काय, हे नीट ध्यानात घ्यावे. बाजारात गेल्यावर दुकानदार एकाच शब्दात सगळा माल खपवतो, पण यात तीन निरनिराळी कामे आहेत आणि एका कामाची वस्तू दुसऱ्या कामाला लागू पडत नाही.

पहिले काम कंप शमविण्याचे. शाळेतली पितळी घंटा वाजल्यावर शिपाई तिच्यावर तळहात ठेवतो आणि नाद तत्क्षणी थांबतो. हाताने आवाज अडविलेला नसतो; धातूचे कंपन हाताच्या मऊ मांसात जिरते. इंदूरला तर याचे उदाहरण दूर शोधावयास नको. नानासाहेब पानसे यांच्या नावाने पखवाजाचे जे घराणे प्रसिद्ध आहे ते इथलेच. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात, ती लावताच त्या पुडीचा नाद खाली उतरतो आणि भरीव होतो. ताणलेल्या पृष्ठभागावर मऊ व वजनदार पदार्थ चिकटला की त्याची वाजण्याची तऱ्हा बदलते, हे आपल्या वादकांना विज्ञानाच्या पुस्तकाआधीपासून ठाऊक आहे. मोटारीच्या दाराच्या पत्र्यावर चिकटवायच्या पट्ट्या हेच काम करतात.

दुसरे काम आवाज अडविण्याचे. ते जडपणाने होते. भिंतीतून आवाज कमी येतो, पडद्यातून जास्त येतो. अडथळ्याचे वजन दुप्पट केले तर आवाज फार तर ५ ते ६ डेसिबलांनी उतरतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे या मार्गाने जावयाचे तर गाडीत मणभर रबर अंथरावे लागेल, आणि चाळीस अश्वशक्तीच्या आसपास ताकद असलेल्या इंजिनावर तो बोजा घालणे शहाणपणाचे नाही. शिवाय अडथळ्यात फट राहिली तर सगळे व्यर्थ. हिशेब सोपा आहे. शंभर भाग क्षेत्रातला एक भाग जरी उघडा राहिला, तरी त्यातून शंभरावा हिस्सा आवाज आत येणारच. मग उरलेल्या नव्व्याण्णव भागांत शिसे ओतले तरी २० डेसिबलांहून अधिक घट होणे नाही.

तिसरे काम आवाज शोषण्याचे. आत आलेला आवाज पत्र्यावरून काचेवर, काचेवरून छतावर असा आपटत राहतो. तंतुमय, सच्छिद्र वस्तूत तो शिरला की तिथेच विरतो. रिकाम्या खोलीत बोलणे घुमते आणि गाद्या-उशा आणून ठेवल्या की घुमत नाही, हा अनुभव घर बदलणाऱ्या प्रत्येकाला असतो.

हे इतके विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की एका कार्यशाळेने आम्हांस सबंध गाडी आतून चंदेरी पट्ट्यांनी मढविण्याचे बेचाळीस हजार रुपये सांगितले. मुख्याध्यापकाच्या पगारात ते अशक्य नव्हते, पण विचारांती अनावश्यक ठरले. पत्रा गप्प करावयास तो संपूर्ण झाकावा लागत नाही. घंटेवर हात ठेवताना तरी आपण सबंध घंटा कुठे कवटाळतो? मोठ्या सपाट पत्र्याचा मधला पंचवीस-तीस टक्के भाग चिकटवला की कंपन पुष्कळसे शमते. त्यापुढे दर फुटामागे खर्च आणि वजन वाढते, लाभ मात्र घटत जातो. बोटाचे पेर वाकवून पत्र्यावर टिचकी मारावी. ‘ठण्ण’ असा लांबणारा आवाज आला तर तिथे पट्टी हवी, ‘ठप’ असा आला तर नको. ही परीक्षा फुकट आहे आणि अचूक आहे.

पट्टी हाती घेण्यापूर्वी मात्र गाडीची तब्येत पाहावी. आमच्या वस्तीजवळच्या एका वयोवृद्ध डेंटर मिस्त्रींनी आमची गाडी पाहून प्रथम बोनेट उघडले. इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसते, ज्यांना आपल्याकडे ‘फाउंडेशन’ म्हणतात, ते दगडासारखे कडक झालेले होते. रबराचे काम कंप गिळण्याचे. ते कडक झाले की इंजिन जणू पत्र्यालाच जखडल्यासारखे होते. त्यानंतर त्यांनी इंजिन आणि प्रवाशांमधला पत्रा टॉर्चने पाहिला. स्टिअरिंगचा दांडा, पेडलांचे दांडे, तारा आणि केबल ज्या भोकांतून आत येतात तिथल्या रबरी चकत्या निम्म्या गळून गेल्या होत्या. भोकांतून आवाजच येतो असे नव्हे, धूरही येतो. सायलेन्सर कुठे फुटलेला असेल तर त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू वास न देता माणसाला गुंगवतो, म्हणून हे काम आवाजासाठी नसले तरी करावेच. शेवटी दारांचे रबर. चाळीस वर्षांत ते आक्रसून दोरीसारखे झाले होते. पोस्टकार्ड दारात धरून दार लावावे व कार्ड ओढावे. सहज निघाले तर तिथून वारा शिटी वाजविणार हे निश्चित.

फाउंडेशन, चकत्या आणि दारे-डिकीचे रबर मिळून तीन हजार दोनशे रुपये खर्च आला. उज्जैनच्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने, काचा बंद करून, आमच्या चिरंजीवांनी मोबाइलवरील ध्वनिमापकाने आधी आणि नंतर मोजमाप केले. ते ७८ वरून ७५ वर आले होते. मोबाइलचा आकडा स्वतंत्रपणे विश्वसनीय नसतो. परंतु तोच मोबाइल, तोच रस्ता आणि तोच वेग असेल तर दोन आकड्यांतले अंतर उपयोगाचे असते. तीनचे अंतर म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्मी झाली. अजून एकही चंदेरी पट्टी लागलेली नव्हती!

आता प्रत्यक्ष मालाविषयी. सर्वांत स्वस्त मिळतो तो डांबरी पत्रक. पूर्वी कारखान्यातही फरशीच्या पत्र्यावर डांबरी गादीच बसवीत, पण ती भट्टीच्या उष्णतेने पत्र्याशी एकजीव केलेली असे. हल्ली गच्चीची गळती थांबविण्यासाठी जी चिकट डांबरी पट्टी मिळते, तीही चंदेरी दिसते, आणि पुष्कळ लोक तीच मोटारीत लावतात. माळव्याच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. अशा दिवशी उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा हात ठेववणार नाही इतका तापतो. डांबर मऊ होऊन छतावरून व दारांतून ओघळू लागते आणि गाडीत नव्या सडकेचा वास कोंडतो. थंडीत तेच डांबर ठिसूळ होते. फरशीवर, जिथे ते ओघळून जाणार नाही, तिथे मोटारीसाठी बनविलेले डांबरी पत्रक चालेल. छताला आणि दारांना मुळीच लावू नये.

त्याहून चांगले ब्यूटाइल रबर. हे नाव परके वाटले तरी वस्तू परकी नाही. टायरच्या आतल्या ट्यूबा फार वर्षांपासून याच रबराच्या होत आहेत, कारण ते हवा धरून ठेवते. कंप जिरविण्याचा गुणही त्याच्या अंगी मोठा आहे. दोन मिलिमीटर जाडीच्या पत्रकावर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा चढविलेला असतो. तो शोभेसाठी नव्हे. गाडीचा पत्रा वाकू लागला की मधले रबर या दोन धातूंच्या कैचीत सापडून घासले जाते आणि कंपनाची ऊर्जा किंचित उष्णतेत बदलते. तेव्हा वरचा पत्रा जितका भक्कम तितका उपयोग अधिक. कागदासारखी चकाकी असलेला माल घेऊ नये. ब्यूटाइलच्या नावाने डांबर विकले जाते, हेही ध्यानात असावे. दुकानातून वीतभर तुकडा आणावा, लोखंडी पत्र्यावर चिकटवून मे महिन्यात गच्चीवर आठवडाभर उभा ठेवावा. घसरला किंवा सडकेसारखा वास आला की समजावे. आम्ही तीन दुकानांचे तुकडे असे गच्चीवर उभे केले होते; शेजाऱ्यांनी तो सौरऊर्जेचा प्रयोग समजून चौकशी केली. तिसऱ्या दिवशी त्यांतील दोन तुकडे जमिनीवर होते.

यानंतरचा थर फोमचा. इथे दोन जाती ओळखाव्यात. गादीत असतो तो स्पंज पाणी पितो. तो दारात किंवा फरशीवर घातला तर पावसाचे पाणी महिनोन्महिने पत्र्याला लागून राहील आणि गाडीचा मृत्यू आवाजाने न होता गंजाने होईल. दुसरी जात बंद छिद्रांची, पाणी न पिणारी. वातानुकूलनाच्या नळांवर जो काळा रबरी फोम गुंडाळतात तो या जातीचा. मोटारींच्या सजावटीच्या दुकानात याच वस्तूला निराळे नाव देऊन अधिक किंमत घेतात. वातानुकूलनाचे सामान विकणाऱ्याकडे ती बरीच कमी दरात मिळते. हा फोम स्वतः फारसा आवाज शोषीत नाही, ही गोष्ट कोणी सांगत नाही. पत्रा आणि वरचे अस्तर यांची गाठ तोडणे आणि उष्णता रोखणे, ही त्याची खरी कामे. छताला तो लावल्यामुळे उन्हाळ्यात गाडी भट्टीसारखी तापत नाही, एवढ्यासाठीही मी तो घेतला असता.

आणि शेवटी नमदा. या बाबतीत आपले इंदूर भाग्यवान म्हटले पाहिजे. स्नेहलतागंजाच्या आसपासचा भाग गिरण्यांच्या भोंग्यांवर घड्याळ लावीत वाढलेला. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, इतरही एकेक करून शांत झाल्या. परंतु चिंध्या आणि कापसाच्या टाकाऊ तंतूंपासून दाबून केलेले जाड करड्या रंगाचे अस्तर गाद्यावाल्यांकडे आणि कुशनवाल्यांकडे आजही मिळते. कारखान्यातून येणाऱ्या कित्येक गाड्यांच्या सतरंजीखाली अशाच जातीचे अस्तर असते. आवाज शोषण्यात ते महागड्या परदेशी मालाच्या मागे नाही. त्याचा एकच दोष, ते पाणी धरते. म्हणून फरशीवर आधी फोम, त्यावर नमदा, त्यावर सतरंजी असा क्रम ठेवावा आणि कुठेही तो चिकटवू नये. उचलून वाळविता आला पाहिजे.

थर्माकोल आणि अंड्यांचे पुठ्ठे यांविषयी लिहिण्याचे खरे तर कारण नाही, पण कोणीतरी सुचवितोच. दोन्ही हलके असल्यामुळे आवाज अडवीत नाहीत आणि पेटतात मात्र चटकन. इंजिनाच्या बाजूला, विशेषतः धुराच्या नळीजवळ, यांतली कोणतीही वस्तू लावू नये. बोनेटच्या आतून आम्ही काहीही लावले नाही.

काम दोन रविवारांत झाले. आसने काढून गाडी रिकामी केली तेव्हा फरशीच्या पत्र्यावर दोन ठिकाणी गंज दिसला. मिस्त्रींनी तो घासून तांबडा रेड ऑक्साइड लावल्याशिवाय पुढे हात लावू दिला नाही. गंजावर पट्टी चिकटविणे म्हणजे जखम न धुता मलमपट्टी करणे होय. त्यानंतर पत्रा थिनरने पुसून (दारे सताड उघडी ठेवून, आणि जवळ कोणालाही विडी ओढू न देता) पट्ट्या लावल्या व लाकडी रुळाने लाटल्या. पट्टीखाली हवा राहिली तर ती पट्टी निरुपयोगी. लाटण्याचे काम आमच्या सौ. नी सर्वांत चांगले केले, हे सांगितले पाहिजे. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती उघडी ठेवावीत. काच वर-खाली करणाऱ्या यंत्राच्या वाटेत पट्टी येऊ देऊ नये.

खर्चाची वही उघडून सांगतो. ब्यूटाइल चोवीस चौरस फूट, दोन हजार आठशे ऐंशी रुपये. रबरी फोम चाळीस चौरस फूट, सोळाशे. नमदा नऊशे. मिस्त्रींची मजुरी सोळाशे. आधीचे तीन हजार दोनशे धरून एकूण दहा हजार एकशे ऐंशी. ब्यूटाइलने गाडीचे वजन सात किलोच्या आसपास वाढले, म्हणजे मागे एक भरलेली पिशवी ठेवल्याइतके. मोजमाप ७५ वरून ७२ वर आले. मूळ ७८ शी तुलना करता ध्वनीची ऊर्जा चौथा हिस्सा उरली. कानाला ती चौथा हिस्सा भासत नाही, कारण कानाचा हिशेब निराळा आहे. आवाज निम्मा वाटण्यास सुमारे दहा डेसिबलांची घट लागते. पद्मिनी ही पद्मिनीच राहते. तिची आजच्या गाड्यांशी तुलना कोणी करू नये. परंतु आता मागच्या आसनावरून मातोश्री आमच्या सौ. शी बोलतात, आणि सांवेर आल्याचे आम्हांस त्याच सांगतात.

ज्यांची गाडी पन्नास वर्षांहून जुनी आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. केंद्र सरकारने २०२१ साली अशा वाहनांच्या स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. त्यांत गाडीचे मूळ रूप राखलेले असावे अशी अट आहे आणि अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. आवाजाच्या कामासाठी पत्रा कापणे, नवी भोके पाडणे, मूळची आसने बदलणे असले उद्योग त्यांनी करू नयेत. वर सांगितलेल्या कामात त्यातले काही लागत नाही. आमच्या गाडीला तो मान मिळावयास अजून दहा वर्षे अवकाश आहे.

पहिला मोठा पाऊस पडून गेला की एकदा सतरंजी उचलून खालचा नमदा हाताने चाचपावा. ओल लागली तर पाणी कुठून आले ते आधी शोधावे, बहुधा ते पुढच्या काचेच्या रबरातूनच येते, आणि नमदा पूर्ण वाळल्याशिवाय परत अंथरू नये. आमच्याकडे तो गच्चीवर वाळत पडला की कपड्यांच्या दोरीखालची जागा अडते आणि घरात कुरकुर होते. तेवढी ऐकून घ्यावी लागते.